नाक मेलेली बाई

लातूरला शिकवणीसाठी मी मुलींच्या वसतिगृहात राहायचे. तिथली न्हाणीघरं धुवायला एक मावशी यायच्या. नाव त्यांना कुणी कधी विचारलं नाही. ॲसिडनं त्यांची बोटं सोलून पांढरी पडली होती, पण पदर त्या कधी नाकाला लावत नसत.

एका दुपारी मी न्हाणीघराचं दार ढकललं. मावशींनी ॲसिडात ब्लीचिंग पावडर टाकली होती. पिवळसर धूर वर चढत होता आणि त्यात त्या डोळे मिटून, खोल श्वास घेत उभ्या होत्या. मला ठसका लागला. मी दंडाला धरून त्यांना बाहेर ओढलं.

“मावशी, विषारी आहे ते!”

“भूकंपात माझं समदं घर गाडलं, माय. चौथ्या दिशी मढी उकरून काढली. तो वास नाकातून जातच न्हवता. भाकरीला बी तोच, पाण्याला बी तोच. हितं कामाला लागले अन् ह्या धुरानं नाकच मेलं. आता घास गिळता येतो.”

“डॉक्टरला दाखवा ना.”

“अन् नाक बरं झालं तर?”

एवढं बोलून त्या पुन्हा आत गेल्या. दार लागलं. आतून खराट्याचा आवाज येत राहिला; खोकला एकदाही आला नाही.