मौनाच्या दिवशी रेडिओटेलिटाइप

हसणार नाही असं वचन मी मागत नाही, कारण ते तुम्ही पाळणार नाही. फक्त चहाचा कप खाली ठेवा. हाच किस्सा ऐकताना आमच्या शेजारच्या वैशालीताईंच्या नाकातून चहा आला होता!

तर मूळ दुखणं असं, की मला गप्प बसता येत नाही.

उपास म्हणाल तितके करीन. सोळा सोमवार केले, संकष्टी कधी चुकली नाही, हरतालिकेला पाण्याचा थेंब घेत नाही. पण नवरात्रातल्या अष्टमीला उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन धरीन, असं देवीला कबूल केलं आणि तिथेच गाडी अडली. पहिल्या वर्षी दूध उतू जायला लागलं आणि मी ओरडले, "अहो, गॅस!" दुसऱ्या वर्षी घटाजवळ मांजर आलं. तिसऱ्या वर्षी तर चार वाजेपर्यंत टिकले होते हो! पण अक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भाजीचा घास घेतला आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "मीठ टाकाले भुली गई वाटस."

"टाकलंय की दोन चमचे!"

संपलं मौन. अक्का मिशीत हसल्यासारख्या हसल्या. मिशी नाही त्यांना, पण हसू तसंच.

म्हणून यंदा मी ठरवलं, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. देवीसमोर चौथ्यांदा खोटं पडायचं नाही. आणि त्यासाठी मला उपाय सापडला तो रेडिओत!

आता तुम्ही म्हणाल, जळगावातल्या मेहरूणच्या गृहिणीचा रेडिओशी काय संबंध? अहो, आमचे हे निवृत्त गणित शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांनी हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या हौसेने बिनतारी संदेश पाठवायचा, नाद घेतला, गच्चीवर तारा ओढल्या, यंत्र आणलं आणि तीन महिन्यांत कंटाळले. लेक पुण्याला गेलेली, दुपार माझ्या अंगावर यायची. मी सहज कानाला हेडफोन लावले आणि चिकटले ती चिकटलेच! धुळ्याच्या नानांनी फोनवरून शिकवणी घेतली, परीक्षा दिली, परवाना मिळाला. नाना यांचे स्नेही, एकाहत्तर वर्षांचे, पन्नास वर्षांपासूनचे हॅम. गच्चीवरची तार पाहून शेजारणींना अजून वाटतं की मी पापड मोठ्या प्रमाणावर सुरू केलेत.

त्यातला माझा आवडता प्रकार म्हणजे रेडिओटेलिटाइप. यात बोलायचंच नाही! संगणकावर टाइप करायचं. यंत्र त्या अक्षरांचे दोन सुरांतले आवाज करतं, टिरिलिरि-टिरिलिरि असे, आणि ते हवेतून जाऊन दूर कुणाच्या तरी पडद्यावर पुन्हा अक्षरं होऊन उमटतात. अक्षरं इंग्रजीच, सगळी मोठी. आहे की नाही मौनवाल्यांसाठीच जन्मलेलं?

आणि यंदा अष्टमीलाच याची जागतिक स्पर्धा आली. जितक्या लोकांशी संपर्क तितके गुण. मी मनात म्हटलं, एकशे आठ संपर्कांची माळ करायची आणि देवीला वाहायची. हात गुंतले की तोंड आपोआप बंद.

या स्पर्धेची गंमत म्हणजे प्रत्येकाने '५९९', म्हणजे तुमचे संकेत स्वच्छ येतायत, एवढं पाठवून पुढे आपलं वय पाठवायचं. बायकांना वयाच्या जागी शून्य पाठवायची सवलत असते.

"शून्यच पाठव," हे म्हणाले. "म्हणजे तू अजून जन्मलीच नाहीस. आम्हाला तेवढाच आराम."

पण व्रताच्या दिवशी खोटं कशाला? मी संगणकाच्या एका कळीवर '५९९ ५२' बसवून ठेवलं. कळ दाबली की तेवढं आपोआप जायचं.

राहिला प्रश्न घरातला. अष्टमीचा स्वयंपाक अक्का आणि हे करणार, सूचना मी देणार. पण कशा? अक्कांना बारीक अक्षर दिसत नाही. मग मला सुचलं! संगणकाच्या पडद्यावर खाली एक चौकट रिकामी पडलेली होती. रिकामी जागा दिसली की आपण डबा ठेवतोच ना? तिथली अक्षरं मी भोपळ्याएवढी मोठी केली. अक्का जुन्या सातवीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचतात. झाली माझी पाटी तयार!

पहाटे साडेपाचला सुरुवात केली. जपान आला, थायलंड आला, इंडोनेशियाची तर रांग. मी कळ दाबतेय, नोंद करतेय, तोंडातून 'च' नाही. मध्येच पाटीवर लिहिलं, 'साबुदाणा १ वाटी भिजवा.' अक्कांनी दारातून वाचलं आणि गेल्या. पुढचा जपानी आला, मी कळ दाबली, आणि काय सांगू, पाटीवरची अक्षरं एकेक करून आपोआप पुसली गेली!

मी मनात म्हटलं, बघा, किती सोयीचं. फडकंसुद्धा लागत नाही!

त्या जपान्याने मात्र पुन्हा पाठवा असं कळवलं. मी पुन्हा पाठवलं. त्याने विचारलं, '१? ५२?' मला वाटलं, बिचाऱ्याकडे हवामान खराब असेल.

मग 'कुकर ४ शिट्ट्या.' मग 'अक्का, तुमच्या २ गोळ्या घ्या.' मग 'अहो, ती कढई नाही, दुसरी.' दर वेळी पुढची कळ दाबली की पाटी स्वच्छ. आणि दर वेळी समोरचा प्रश्नचिन्हांचा पाऊस पाडायचा. एकाने नुसतंच लिहिलं, '४????'

मी शांतपणे ५२ पाठवत राहिले.

दहा वाजता तर चमत्कारच झाला. एरवी मी दहादा हाक मारावी तेव्हा एक उत्तर येतं. आता मी कळ सोडली रे सोडली की एकाच वेळी वीस-पंचवीस जण मला हाका मारतायत! पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी. रशिया, चीन, फिलिपिन्स, एक तर चक्क ब्राझील! सत्तर झाले, पंचाहत्तर झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. मी देवघराकडे बघून हात जोडले. मौन धरलं तर देवी अशी पावते!

हे आले, पडद्याकडे बघून म्हणाले, "आज काय वाटतेयस लोकांना? प्रसाद?"

मी अभिमानाने मान हलवली.

साडेबाराला यांचा फोन वाजला. धुळ्याहून नाना. हे फोन कानाला लावूनच माझ्याकडे आले. "नाना म्हणतात, मी पण आज स्पर्धेत बसलोय. पण संध्याकाळी जळगावला येणं आहे, पाच-साडेपाचला वहिनींच्या घटाचं दर्शन घेऊन जातो. काय सांगू? जेवायलाच थांबा म्हणतो."

नाना देवमाणूस, पण बसले की त्यांची ती शिंदखेड्याच्या पहिल्या अँटिनाची गोष्ट सुरू होते. मी ती दहा वेळा ऐकलीय. आणि नाना बोलायला लागले की गप्प बसणं कुणाच्या बापाला शक्य नाही, मला तर नाहीच. दिवेलागणीच्या तोंडावर घात!

मी घाईघाईने पाटीवर लिहिलं, 'नानांना जेवायला थांबवू नका. अँटिनाची गोष्ट मला अकराव्यांदा ऐकवणार नाही.'

यांनी वाचलं, डोळे मिचकावले आणि फोनवर "या या नाना, नक्की या" एवढंच बोलून ठेवून दिला. जेवणाचा विषय काढला नाही. हुश्श!

मी वळले आणि कळ दाबली. पाटी पुसली जायला लागली. 'नानांना...' गेलं. 'जेवायला...' गेलं. आज यंत्र फार वेळ टिरिलिरि करतंय, एवढंच मला वाटलं.

मग गर्दी एकदम थांबली. आणि त्या शांततेत पडद्यावर संथपणे एकच संदेश उमटला. धुळ्याच्या नानांचं सांकेतिक नाव. आणि पुढे, इंग्रजी अक्षरांत पण चक्क आपल्या मराठीत:

'५९९ ७१. वहिनी, काळजी नसावी. जेवूनच येतो.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग पाटीकडे बघितलं. मग त्या चौकटीवर इंग्रजीत बारीक काय लिहिलंय ते आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचलं. ती पाठवायच्या मजकुराची चौकट होती! तिथे लिहिलेलं थांबून राहतं आणि पुढची कळ दाबली की ५९९ च्या आधी हवेत जातं. पाटी पुसली जात नव्हती हो! माझा स्वयंपाक टोकियोला जात होता!

तोंडातून किंचाळी निघणार, इतक्यात मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. वर पदर कोंबला. अक्का धावत आल्या. "माय वं! काय व्हयनं? चक्कर उनी का?"

मी नुसती मान हलवत खुर्चीत बसले. मौन शाबूत, बाकी काही शाबूत नाही. रेडिओ बंद केला. माळ त्र्याऐंशीवरच राहिली.

पाचपर्यंत मी देवघरासमोर बसून होते. ज्या माणसाने मला अ-आ-इ पासून रेडिओ शिकवला, जो घरी एकटा राहतो, त्याला मी साऱ्या आशिया खंडासमोर जेवायला नको म्हटलं! आणि माफी मागायची तर तोंड बंद.

साडेपाचला नाना आले. हातात चार पुडांचा डबा!

"वहिनी, शेवभाजी आणलीय," त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "माझी मी. तुम्हाला त्रास नको."

हे खो-खो हसत सुटले. मी कान धरले, कागदावर लिहिलं, 'चुकलं नाना. आज जेवूनच जायचं,' आणि पुढे केलं. नानांनी चष्मा लावून वाचलं.

"हे मला एकट्यालाच पाठवलंत ना? की ब्राझीललाही?"

मग त्यांनीच सांगितलं. हॅम लोक इंटरनेटवरच्या फळ्यावर लिहितात, कोण कुठे ऐकू येतंय ते. सकाळी दहाला कुणीतरी तिथे लिहिलं, 'भारतातली महिला. वय कधी ५२, कधी ४, कधी २. भाषा ओळखू येत नाही. जरूर ऐका.' म्हणून ती गर्दी!

मी पदरात तोंड लपवलं. देवी पावली म्हणून हात जोडले होते मी!

बाहेर ऊन उतरलं होतं. अक्का निरांजनात वात घालत होत्या. आणखी पाचच मिनिटं. चार वर्षांत पहिल्यांदा मी इतक्या जवळ आले होते.

नानांनी पाय पसरले. "हां, तर विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. शिंदखेड्याला मी पहिली अँटिना उभी केली ना..."

मी डोळे मिटून देवीचं नाव घेतलं.

"...चाळीस फुटांचा बांबू होता."

चाळीस? मी डोळे उघडले. ओठ गच्च मिटले.

"बांबू धरून माझा मेहुणा उभा."

मेहुणा? माझे कान तापले. अक्का काडेपेटी चाचपत होत्या.

"आणि बांबू कोसळला तो थेट सरपंचांच्या बैलगाडीवर."

"बैलगाडी नाही हो नाना, कडब्याची गंजी!" मी उभीच राहिले. "आणि बांबू तीस फुटांचा! धरून होता तो तुमचा चुलतभाऊ, मेहुणा तर गच्चीवर चढायलाच घाबरला होता! दहा वेळा सांगितलंत ना तुम्ही!"

अक्कांच्या हातातली काडी नुकतीच पेटली होती.

नाना गालात हसले. "म्हणजे दहाही वेळा लक्ष देऊन ऐकलंत. मला वाटलं, झोपा काढत होतात."

मी मटकन खाली बसले. "तुटलं हो माझं मौन!"

अक्कांनी शांतपणे निरांजन लावलं, देवीला हात जोडले आणि वळून म्हणाल्या, "बठ्ठा दिन जगसंगे बोलनी, आनि आते म्हनस मौन तुटनं!"

नाना जेवायला थांबले. त्यांच्या तोंडात शेवभाजीचा घास होता, बोलता येईना, म्हणून अँटिनाची उरलेली गोष्ट मीच सांगितली. साडेनऊला नाना चपला घालून दारात उभे होते, म्हणाले, "वहिनी, येऊ का आता?" तर मी म्हटलं, "थांबा हो, सरपंच काय म्हणाले ते राहिलंच!"