पुण्याला निघालेल्या दोघी

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि तिच्या दोन्ही मांजरी माझ्या गळ्यात पडल्या. ती नागपूरला नंदनवनात, मी पुण्यात. थोरली करडी, बारा वर्षांची, रोज आईच्या उशाशी झोपणारी. धाकटी काळी, खायला देईल त्याची. आई म्हणाली, "परक्याकडे नाही ठेवत मी. तूच ने. थोरलीले तर तुझ्यापेक्षा जास्त जपलं." "वा, तोंडावर सांग!" मी हसत म्हटलं होतं.

मांजरींच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, निघण्याआधी त्यांचं पोट रिकामं ठेवा, गाडीत मळमळतं. पण मी शहाणी ना! निघताना आईने माझ्या हातावर दहीसाखर ठेवली. थोरली तिच्या पिंजऱ्यातून टकामका बघत होती. एवढ्या लांब निघाली, मग हिलाच शकुन का नको? मी अख्खी वाटीच आत सरकवली. तिने चाटूनपुसून लख्ख केली. "मांजरी घेऊनच निघालो, आता आडवं जायले कोण उरलं?" नवरा म्हणाला, आणि आम्ही तिघंही खिदळलो.

वर्ध्याच्या पुढे तिला उलट्या सुरू झाल्या. मग ओरडणं, तान्ह्या बाळासारखं. पिंजरा बरबटला, गाडीत आंबूस वास कोंडला आणि माझं टाळकं सरकलं. "चूप बस ना एकदाची!" मी खेकसले. वाटी दिली मी आणि खेकसले त्या मुक्या जिवावर. अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रस्त्याकडेला थांबून मी पिंजरा पुसायला घेतला. "आधी गाडीचं दार तर लाव," नवरा म्हणाला. राग आला की माझी नागपुरी बाहेर पडते. "मले अक्कल नको शिकवू," मी म्हटलं आणि पिंजऱ्याची कडी काढली. थोरली माझ्या मांडीवर पाय देऊन बाहेर. शेजारी तुरीचं शेत, पुरुषभर उंच. ऊन उतरेपर्यंत आम्ही हाका मारल्या. शेतकऱ्याला नंबर देऊन निघालो. निघालो म्हणजे काय, सोडून आलो तिला. त्यानंतर कितीदा तरी मीच त्याला फोन केला. "नाही दिसली बाई," एवढंच.

घरी पोचल्यावर आईचा फोन. "पोचल्या का वं दोघी?"

"हो."

ऑपरेशन तोंडावर होतं, तिला कशाला सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. आता ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. तेही निमित्त उरलं नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटी दाखवली. आई वॉकर धरून उभी होती. "आता तिले दाखव."

"झोपली आहे, आई."

आईचा चेहरा एकदम सैल झाला. "झोपते ना? मले हाच घोर होता, माझ्याबिगर झोपते का नाही म्हणून. राहू दे. उठवू नको तिले."