बॉनेटवरची काडी

कूलरच्या ओल्या खसचा वास आला की माझं डोकं अजूनही तापते. माझी जुनी टॅक्सी भंगारात गेली, म्हणून मी तिचंच हातभर मॉडेल करून राहिलो होतो. वरचा पांढरा रंग टेपनं झाकला अन् खाली एअरब्रशनं हिरवा मारला. कचरा उडू नये म्हणून भर मे महिन्यात कूलर बंद ठेवला होता. बायको बाहेरून आली अन् तिनं बटन दाबलं. खसची काडी थेट ओल्या बॉनेटवर! "काहून लावला वं?" मी ओरडलो. "टॅक्सीत धूळ येते म्हणून तुम्ही मले कधी काच उघडू देली नाही जी. आता घरातही भाजू का?" काडी ओढली असती तर रंगही निघाला असता, म्हणून राहू देली. आता पाहुण्यांले मी दोन रंगांमधली सरळ रेघ दाखवतो, अन् ही बाई त्याच्याआधी काडी दाखवते.