पाच सुपाऱ्यांचा भात

माझ्या मामांइतका काळजी करणारा माणूस श्रीवर्धनपासून हरिहरेश्वरापर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याचीही काळजी मामाच करतील. मामीला डायबेटिस निघाला आणि मामांनी स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत महिनाभराचं जेवण लिहिलेलं असे: सोमवारी नाचणीची भाकरी नि पडवळ, मंगळवारी वालाचं बिरडं, आणि चतुर्थीच्या साबुदाण्यावर लाल फुली. "उपास बंद. गणपतीला मी समजावतो," म्हणाले. संक्रांतीत हळदीकुंकवाला मामीच्या मागोमाग हे घरोघरी हजर. "हिला नुसतं कुंकू लावा, तिळगूळ माझ्याकडे द्या," म्हणत आणि तिथेच खाऊन टाकत, न जाणो वाटेत मामीने मागितला तर!

भाताने मात्र त्यांची झोप उडवली. डॉक्टर म्हणाले, "दुपारी एक वाटी भात." पण कुठली वाटी? घरात दोन वाट्या सारख्या असतील तर शपथ! शेवटी डॉक्टरांना वाटी दाखवून आणली, तेवढा भात घरच्या तागडीत घातला आणि दुसऱ्या पारड्यात वाडीतल्या ताज्या, सालासकट पाच सुपाऱ्या ठेवल्या. काटा बरोबर मधे आला. "वजनं गंजतात, सुपारी आपल्या घरची," मामा म्हणाले. तेव्हापासून रोज पाच सुपाऱ्यांइतका भात. सुपाऱ्या खिडकीतल्या उन्हात, त्यांना कुणी हात लावायचा नाही.

शिमग्याला मी गेलो होतो. तुळशीला पाणी घालता घालता मामी घामाघूम होऊन मटकन खाली बसली. हात थरथरत होते. साखर फार उतरली होती. साखरपाण्याने ती सावरली, पण दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर मामांवर उखडले, "गोळ्या चालू असताना खाणं कमी केलंत की काय?"

"कणभरही न्हाय! रोज तोलून वाढतो मी!"

घरी आल्यावर मी सहज खिडकीतली एक सुपारी उचलली. हलकी लागली. हलवली तर आत गोटा खुळखुळला. मामांनी तो आवाज ऐकला आणि त्यांचा चेहराच उतरला. जन्मभर ज्यांनी अंगणात सुपारी वाळवली, वाळून ती किती घटते हे ज्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, त्यांच्या हातून दोन महिने मामीचा भात रोज थोडा थोडा कमी होत गेला होता.

"अगो, भूक लागत होती तर बोलायचंस ना!"

"तुम्ही एवढं जिवाला लावून तोलत होतात," मामी म्हणाली, "म्हटलं, डॉक्टरांनीच कमी करायला सांगितलं असेल."

मामा पंचा तोंडाला लावून पडवीत जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं.

आता तागडी माळ्यावर गेली आहे आणि डॉक्टरांना दाखवलेली ती वाटी भाताच्या पातेल्यातच असते. वाटीभर वाढून झालं तरी मामा तिथेच उभे राहतात आणि चाळीस वर्षांच्या संसारात कधी न विचारलेलं विचारतात, "पोट भरेल ना गो तुझं?"

मामी "हो" म्हणते. मामांचा त्या "हो"वर विश्वास बसत नाही. तिचं जेवण होईपर्यंत ते समोर बसून राहतात, आणि त्यांचं स्वतःचं ताट निवत असतं.