ग्रुपवर रडगाणं नको

मित्रांनो, आज बेसाच्या बाजारात भाजी घेताना शाळेतला वसंता भेटला. डोक्यावरचे केस काढलेले.

"काय झालं गा?" मी विचारलं.

"सुनंदा गेली. पंधरा दिवस झाले, पहाटेच गेली."

त्याची बायको. मी हादरलो. "मले काहून नाही सांगितलं?"

तो शांतपणे म्हणाला, "ती दवाखान्यात होती तेव्हा ग्रुपवर टाकलं होतं ना. तू डिलीट केलं. मंग वाटलं, आता काय सांगावं."

आमच्या दहावीच्या ग्रुपचा ॲडमिन मीच. नियमही माझाच, की इथे रडगाणं नको, फक्त पॉझिटिव्ह पोस्ट टाका. त्याचा मेसेज मी पूर्ण वाचलाही नव्हता. 'दवाखाना' दिसलं आणि काढून टाकला.

घरी येऊन पंधरा दिवसांपूर्वीची ती सकाळ ग्रुपवर शोधली. मी सूर्यफुलांचा फोटो टाकला होता, 'हसत राहा' असं लिहून. वसंतानं त्याखाली नेहमीसारखे हात जोडले होते.

नियम आत्ताच काढून टाकला. पण तुम्ही सांगा, तुमच्या पोस्टखाली रोज हात जोडणाऱ्या माणसाला तुम्ही शेवटचा फोन कधी केला होता?