पहिल्या रांगेतली सीट

गोल्ड कार्डवाल्याला 'नाही' म्हणायचं नाही, हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी शिकवलं. 'बघते सर', 'प्रयत्न करते सर' म्हणायचं, आणि इतकी वर्षं आमच्याच विमानानं प्रवास करताय म्हणून शेवटी आभार मानायचे. मी पिंपरीत एका विमान कंपनीच्या फोन सेंटरला आहे, सतत उडणाऱ्यांच्या खास लाइनवर. स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे पिवळा तारा दिसतो. तारा दिसला की आवाजात साखर घालायची. मला गोड बोलता येतं, पण माझी साखर लवकर संपते.

त्या महिन्यात माझं कायम होण्याचं पत्र यायचं होतं. ज्यांच्या घरात कुणी कंपनीत वर्षं घासली आहेत, त्यांना 'कायम' या शब्दाचं वजन सांगायला नको. पप्पा चाकणच्या कारखान्यात कित्येक वर्षं टेम्पररी होते. ते कायम झाले तेव्हा आमच्या दापोडीच्या गल्लीत पेढे वाटले होते. आता पाळी माझी होती.

एका सकाळी साधी लाइन भरली म्हणून तिकडचा एक फोन माझ्याकडे वळला. चाकणजवळच्या गावातली एक बाई होती. "मॅडम, आज संध्याकाळी आमी दिल्लीला निघालोय. आईचा गुडघा वाकतच न्हाई वो. पाय पसरायला कुठं जागा मिळंल का?" आयत्या वेळी विमान बदललं होतं, सगळ्या जागा नव्यानं लागत होत्या. पहिल्या रांगेत एक सीट रिकामी दिसली, ती मी तिच्या आईला दिली. नियमात बसत होतं.

तासाभरात पिवळा तारा उगवला. साहेबांना नवव्या रांगेत जागा आली होती.

"माझी नेहमीची सीट कुणाला दिली?"

मी सांगितलं, एका आजींना, त्यांचा पाय वाकत नाही.

"मग त्यांना मागे बसवा. त्या आयुष्यात एकदा उडणार. मी आठवड्यातून दोनदा उडतो."

"म्हणूनच सर. तुम्हाला ही सीट परवा पुन्हा मिळेल. त्यांना नाही मिळणार."

त्यांनी फोन आपटला. संध्याकाळी तक्रार आली, आणि गंमत म्हणजे ती सीटबद्दल नव्हतीच, माझ्या उद्धट उत्तराबद्दल होती. टीम लीडर मॅडमनी मला माझंच बोलणं रेकॉर्डिंगवर ऐकवलं. ऐकताना मला लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

"उद्या सकाळी त्यांना फोन लावू, मीही लाइनवर असेन," मॅडम म्हणाल्या. "माफी मागून मोकळी हो. तुझं पत्र माझ्या टेबलावर सहीसाठी पडलंय."

घरी पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माग की माफी. त्यानं काय अंगाला भोकं पडतात का? आधी कायम हो, मग काय भांडायचं ते भांड."

माझं डोकंच फिरलं. पप्पांचीही एक सीट होती, कंपनीच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागची खिडकीची. ती कुणी लिहून दिली नव्हती, पण नवा माणूस चुकून तिथं टेकला तर मागून आवाज यायचा, "भावा, ऊठ, दादांची जागा आहे." एकदा हाताला टाके पडलेला एक हेल्पर बसमध्ये चढला. पप्पांनी त्याला खिडकी दिली आणि चाकणपर्यंत उभे राहिले. रात्री पाय का सुजलेत म्हणून आईनं खोदून विचारलं, तेव्हा आम्हाला कळलं.

"त्या हेल्परला सीट दिल्याबद्दल तुम्ही कुणाची माफी मागितली होती?" मी विचारलं. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी फोन लावला. मॅडम दुसऱ्या लाइनवर होत्या. मी म्हणाले, "सर, विमान बदलल्याचं तुम्हाला उशिरा कळवलं, त्याबद्दल माफी मागते. त्या आजींना सीट दिली आणि तुम्हाला जे बोलले, त्याबद्दल मागणार नाही." त्यांनी काय ऐकलं कोण जाणे, "इट्स ओके" म्हणून ठेवून दिला. मॅडमनी मात्र नीट ऐकलं होतं.

आठवड्यानं पत्र हातात पडलं. कायम नाही, आणखी सहा महिने वागणूक बघणार. घरी येईपर्यंत मी रडले नाही, दारात चपला काढताना रडले. पप्पांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"ती म्हातारी गेली का पण पाय पसरून?"

"गेली. दिल्लीपर्यंत."

"मग झालं तर," ते म्हणाले. "हात धू. जेवायला बस."