वहिनीचे कुलूप

कुलूप ओढून पाहताना बोटांना लागणारा पितळेचा वास मला युद्धकाळातल्या एका वैशाखात नेतो. नगरहून आम्ही टांग्याने केडगावला लग्नासाठी निघालो होतो. वेस ओलांडताच वहिनीने दादाला भीतभीत विचारले, “अहो, कुलूप नीट लागलं ना?”

“ओढून ओढून एक दिवस हातातच येईल ते!” आई म्हणाली. आम्ही सारे हसलो. दादाने टांगा थांबवला. “जा, चालत जाऊन बघून ये.”

ती खरोखरच गेली. परतली तेव्हा तिचे पाय पोळले होते, चेहरा मात्र उजळला होता. “लागलंय हो.”

टांगा हलताच तिची बोटे पदराच्या गाठीतली किल्ली पुन्हा चाचपू लागली; या वेळी तिने काही विचारले नाही. खोड मोडली, या समाधानात आम्ही लग्नात जेवलो.

आज पन्नाशी उलटल्यावर मीही कुलूप दुसऱ्यांदा ओढतो. आधी मात्र, कोणी पाहत नाही ना, हे पाहून घेतो.